धागा: चिकणमातीला आरएनए चिकटतो तो कशाच्या जोरावर?

गाळपेर

जीवसृष्टी चिकणमातीत सुरू झाली असावी, ही बातमी दर दोन-तीन वर्षांनी उगवते आणि खाली 'म्हणजे पुराणात होतं तेच निघालं' छापाच्या प्रतिक्रिया पडतात. त्या वाटेला इथे जायला नको. धागा काढायचं कारण रसायनशास्त्रातली एक सरळ अडचण आहे. मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीच्या खनिजाच्या पत्र्यावर ऋण प्रभार, आरएनए-डीएनएच्या कण्यावर दर फॉस्फेटमागे एक ऋण प्रभार. दोघांनी एकमेकांना ढकलायला हवं. तरी ते चिकटतात, आणि कधी कधी असे चिकटतात की सोडवताना नाकी नऊ येतात.

आधी दोन कल्पना वेगळ्या करू, कारण बातम्यांत त्यांची हमखास खिचडी होते. पहिली जे. डी. बर्नाल यांची, १९४७ च्या व्याख्यानातली: समुद्रभर विरळ पसरलेले सेंद्रिय रेणू एकत्र येणार कुठे, तर चिकणमातीच्या पृष्ठभागावर. इथे माती म्हणजे रेणू जमण्याची जागा, फार तर उत्प्रेरक. दुसरी ग्लासगोच्या ग्रॅहम केर्न्स-स्मिथ यांची, १९६६ पासूनची: माती हीच पहिली जनुकं. स्फटिकातले दोष थरावर थर चढताना पुढे उतरतात, आणि केव्हातरी सेंद्रिय रेणूंनी हा सगळा कारभार आपल्याकडे घेतला. दुसरीला प्रयोगाचा भक्कम आधार आजवर मिळालेला नाही. पहिलीवर मात्र भरपूर काम झालंय. धागा तिच्याबद्दल आहे.

आता माती. मॉन्टमोरिलोनाइटचा एक पत्रा सुमारे ०.९६ नॅनोमीटर जाड. वर-खाली सिलिकाची चादर, मध्ये ॲल्युमिनाची. मधल्या चादरीत काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं, म्हणजे तीन धनप्रभारांच्या जागी दोनच. त्यामुळे पत्र्यावर ऋण प्रभार कायमचा राहतो; पीएच बदलून तो जात नाही. त्याची भरपाई करायला सोडियम, कॅल्शियम असे आयन पाण्यासकट दोन पत्र्यांच्या मध्ये राहतात, आणि त्यांची अदलाबदल होऊ शकते. ही अदलाबदलीची क्षमता १०० ग्रॅममागे ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट. केओलिनाइट या दुसऱ्या चिकणमातीची जेमतेम ३ ते १५. सगळे पापुद्रे सुटे झाले तर एका ग्रॅमचं क्षेत्रफळ ७०० ते ८०० चौरस मीटर भरतं. पत्र्याच्या कडांचा स्वभाव वेगळा: तिथे तुटलेल्या बंधांवर हायड्रॉक्सिल गट असतात, ते आम्लात धन आणि अल्कलीत ऋण होतात.

माझं म्हणणं एवढंच की 'चिकटतो का' हा प्रश्न आता जुना झाला. चिकटतो. कोणत्या आयनाच्या मध्यस्थीने, किती घट्ट, आणि नंतर सुटतो का, यावर सगळं अवलंबून आहे. ज्यांनी मोजमाप केलंय त्यांनी लिहावं.

तिसरा_बाक

वाचतोय. दोन बाळबोध प्रश्न. (१) मध्यस्थी म्हणजे मॅग्नेशियमचा एक हात पत्र्याला, दुसरा फॉस्फेटला, असंच ना? (२) डीएनए पापुद्र्यांच्या आत शिरतो की बाहेरच बसतो?

स्फटिक

(१) हो, दोन प्रभारांचा आयन पूल बांधतो. थेट नव्हे, बऱ्याचदा मध्ये पाण्याचा रेणू ठेवून. सोडियमला एकच प्रभार, त्याला पूल बांधणं जमत नाही. तो फक्त दोन्ही बाजूंचं ढकलणं झाकतो, आणि तेही मीठ भरपूर असलं तरच. म्हणून सोडियमने जे काम शेकडो मिलीमोलरला होतं ते मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम काही मिलीमोलरमध्ये करतात. फ्लॉरेन्सच्या एन्झो गॅलोरी यांच्या गटाने हे पद्धतशीर मोजलंय. २००३ च्या त्यांच्या निबंधात फ्रांची आणि फेरिसही आहेत.

पूल ही एकच वाट नाही, हे मात्र विसरू नका. पीएच ५ च्या खाली गेलात की ॲडेनीन आणि सिटोसीन हे बेस प्रोटॉन घेऊ लागतात (दोघांचे पीकेए, म्हणजे निम्म्या रेणूंनी प्रोटॉन घेतलेला असतो तो पीएच, साधारण ३.५ ते ४.५ मध्ये), म्हणजे रेणूवर धन जागा तयार होतात आणि त्या थेट पत्र्याकडे ओढल्या जातात. त्याच वेळी कडाही धन झालेल्या असतात, तिथे फॉस्फेट थेट बसतो. पीएच ३-४ ला बिनमॅग्नेशियमचं अधिशोषण (पृष्ठभागावर चिकटणं) भरपूर दिसतं ते यामुळे. लोक हा आलेख दाखवून 'बघा, मातीला डीएनए आवडतो' म्हणतात. त्या पीएचला आरएनए टिकेल, पण डीएनएमधली प्युरिनं (ॲडेनीन, ग्वानीन) गळायला लागतात, हे कोणी सांगत नाही. तिसरी वाट सपाट बेसची: ॲडेनीन, ग्वानीन मोठे आणि चपटे, ते पत्र्यावर आडवे पडतात. पिरिमिडीनं (सिटोसीन, यूरॅसिल, थायमीन) यात कमी पडतात. एकेरी साखळीत बेस उघडे असतात, म्हणून ही ओढ एकेरी आरएनएला जास्त, दुहेरी डीएनएला कमी.

(२) क्ष-किरण विवर्तन (पापुद्र्यांमधलं अंतर मोजण्याची पद्धत) करा, उत्तर समोर येईल. तांब्याच्या किरणांनी (१.५४०६ अँगस्ट्रॉम) सोडियम-मॉन्टमोरिलोनाइटचं पहिलं शिखर ७.१ अंशांच्या आसपास येतं, म्हणजे थरांतर १२.५ अँगस्ट्रॉम, पाण्याचा एक थर. कॅल्शियम-रूपात ५.९ अंशांवर, १५ अँगस्ट्रॉम, पाण्याचे दोन थर. दुहेरी डीएनएची जाडीच २० अँगस्ट्रॉम. तो अखंड आत शिरला तर थरांतर ३० च्या घरात जाऊन शिखर ३ अंशांच्या खाली यायला हवं. सहसा तसं दिसत नाही. मोठे रेणू बाहेरच्या पृष्ठभागावर आणि कडांवर बसतात. सुटे न्यूक्लिओटाइड मात्र आरामात आत जातात, आणि उत्प्रेरणाचा सगळा खेळ तिथे आहे. एक काळजी घ्या: नमुना काचपट्टीवर वाळवताना खोलीतली आर्द्रता बदलली तरी शिखर सरकतं. डीएनएवाला आणि बिनडीएनएचा नमुना एकाच दिवशी, एकाच डेसिकेटरमधून काढून मोजला नाही तर सरकलेलं शिखर डीएनएमुळे की पावसाळ्यामुळे, ते कळायचं नाही.

काळी_कसदार

हा विषय जीवोत्पत्तीवाल्यांचा म्हणून सोडून देऊ नये. दख्खनच्या काळ्या मातीतून डीएनए काढणाऱ्या प्रत्येकाला तो रोज छळतो. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती म्हणजे स्मेक्टाइटच, मॉन्टमोरिलोनाइट ज्या गटात येतं तो गट. चिकणमातीचा अंश ४० ते ६० टक्के, पीएच ८ ते ८.५, वर चुनखडीचे खडे. म्हणजे पत्रेही आहेत आणि पूल बांधायला कॅल्शियमही आयता आहे. सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी एक टक्क्याच्या आत, त्यामुळे पत्र्यांवरच्या जागा अडवून ठेवणारंही फारसं काही नाही.

नुकसान कुठे होतं ते नीट समजून घ्या. जीवाणू फुटेपर्यंत डीएनए सुरक्षित असतो. मण्यांच्या आपटणीने पेशी फुटल्या की त्या क्षणी तो उघड्या मातीला आणि कॅल्शियमला भेटतो, आणि मिनिटभरात बसतो. नंतर कितीही धुतलं तरी बराचसा येत नाही. म्हणून अडवणारा पदार्थ पेशी फोडण्याच्या *आधी* नळीत हवा. अर्धा ग्रॅम मातीला १२० मिलीमोलर सोडियम फॉस्फेट, पीएच ८, हा साधा उपाय: फॉस्फेट कडांवरच्या जागा आधीच बळकावतो. त्याने भागलं नाही तर साय काढलेल्या दुधाची पावडर, अर्ध्या ग्रॅमला २० मिग्रॅच्या आसपास. जपानमध्ये ज्वालामुखीच्या राखेच्या मातीसाठी ही युक्ती रुळलेली आहे. केसीन पत्र्यांवर जाऊन बसतं. अडचण अशी की पावडरीत गाईचा डीएनए असतो. फक्त जीवाणूंचं जनुक पकडणारे १६एस प्रायमर असतील तर फरक पडत नाही, पण बुरशी किंवा मातीतले प्राणी शोधत असाल तर वेगळी कोरी नळी (पावडर आहे, माती नाही) लावा, नाहीतर प्रत्येक शेतात गाय सापडेल.

चुनखडीच्या मातीत फॉस्फेट नुसता ओतू नका. कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसतो आणि तो स्वतःच डीएनए घेऊन खाली जातो. आधी माती ५० मिलीमोलर ईडीटीएने (कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून नेणारा पदार्थ; पीएच ८) एकदा धुवा, पाणी ओतून टाका, मग फॉस्फेट. आणि किती वाया जातंय ते अंदाजाने सांगू नका: पेशी फोडण्याआधी लॅम्डा डीएनएचं ठरावीक प्रमाण घाला आणि शेवटी त्याचंच क्यूपीसीआर (ठरावीक डीएनएची मोजणी) करा. किती परत आलं त्यावरून मातीने किती गिळलं ते कळेल.

तिसरा_बाक

हे भारी आहे. एमएस्सीच्या प्रकल्पात करण्यासारखा अधिशोषणाचा प्रयोग कोणी सांगेल का? स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि सेंट्रिफ्यूज आहे, त्यापलीकडे फार काही नाही.

अर्धमोलर

तेवढं पुरतं. वेळ जातो तो माती तयार करण्यात, आणि लोक नेमकी तीच पायरी उरकतात.

२० ग्रॅम बेंटोनाइट (मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइट असलेली माती) घ्या. आधी कार्बोनेट काढा: १ मोलर सोडियम ॲसिटेट, पीएच ५, ७०-८० अंशांवर, बुडबुडे थांबेपर्यंत. मग सेंद्रिय भाग: १० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, ६०-७० अंश. फेस वर येतो, मोठं चंचुपात्र घ्या. धुऊन २ लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळा आणि उंच पात्रात स्थिर ठेवा. २ मायक्रोमीटरपेक्षा मोठे कण १० सेंमी खाली जायला २० अंशांना पावणेआठ तास लागतात. आपल्याकडे खोलीचं तापमान ३० असेल तर पाणी पातळ होतं आणि सव्वासहा तास पुरतात; पुस्तकातले आठ तास डोळे मिटून पाळलेत तर चांगली मातीही खाली सोडाल. वरचं १० सेंमी पाणी नळीने ओढून घ्या. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार खाली राहतात.

आता सगळे आयन सोडियमचे करायचे. १ मोलर मिठाचं पाणी, रात्रभर हलवत, तीनदा. मग मीठ धुवायचं, सिल्व्हर नायट्रेटला पांढरा साका येणं थांबेपर्यंत. इथे हमखास अडतं: मीठ संपत आलं की माती सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसतच नाही, दुधासारखी राहते. माती बिघडली असं वाटून कोणी पुन्हा मीठ घालतं आणि चक्र सुरू. तसं करू नका, डायलिसिसच्या पिशवीत भरा आणि पाणी बदलत राहा. तयार माती वाळवली तर काचेसारखे कडक तुकडे होतात, ते पुन्हा नीट सुटत नाहीत. त्यापेक्षा द्रावातच ठेवा. १ मिली वाळवून वजन करा आणि १० मिग्रॅ प्रति मिलीवर आणा.

डीएनए: सॅमन किंवा हेरिंगचा चालेल, स्वस्त आहे. अल्ट्रासोनिकेटरने ५०० बेसजोड्यांच्या आसपास तोडून घ्या. लांबच लांब धागे असले की प्रत्येक नळीत वेगळा आकडा येतो. १ मिग्रॅ प्रति मिली, *पाण्यात*. टीई (ट्रिस-ईडीटीए) बफरमध्ये नको. टीईमध्ये १ मिलीमोलर ईडीटीए असतो. सगळी नळी टीईने भरलीत तर १ मिलीमोलर मॅग्नेशियमच्या नळीत मोकळं मॅग्नेशियम जवळजवळ शून्य, आणि निष्कर्ष निघतो की मॅग्नेशियमचा परिणाम नाही. ट्रिसही नको: तो उदासीन पीएचला धन असतो आणि स्वतःच पत्र्यांवर जाऊन बसतो. पीएच विरळ सोडियम हायड्रॉक्साइड-हायड्रोक्लोरिक आम्लाने ७ वर आणा आणि प्रयोगानंतर पुन्हा मोजा.

नळीत एकूण १ मिली: मातीचे १०० मायक्रोलिटर (१ मिग्रॅ), १०० मिलीमोलर मॅग्नेशियम क्लोराइडचे ०, १०, ५० किंवा १०० मायक्रोलिटर (म्हणजे ०, १, ५, १० मिलीमोलर), उरलेलं पाणी, आणि शेवटी डीएनए ५० मायक्रोलिटर. क्रम सगळीकडे एकच ठेवा. मॅग्नेशियम आधी घातलं की मातीचे कण गठ्ठे करून बसतात आणि उपलब्ध पृष्ठभाग घटतो. डीएनए आधी घातला तर आकडा वेगळा येईल. दोन्ही करून पाहण्यासारखं आहे, पण एकाच आलेखात दोन्ही नको. एक तास हलवा, १२,००० जी वर १५ मिनिटं फिरवा, वरचं पाणी २६० नॅनोमीटरला मोजा. दुहेरी डीएनएचे ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली म्हणजे शोषण १.०, त्यामुळे हिशोब तोंडी होतो. गेलेला डीएनए = घातलेला वजा उरलेला.

दोन कोऱ्या नळ्या प्रत्येक मीठ-पातळीला हव्यातच. माती आणि मीठ, डीएनए नाही: न बसलेले मातीचे कण प्रकाश विखुरतात आणि २६० ला खोटा आकडा देतात. ३२० ला मोजून वजा करा. ३२० चा आकडा ०.०५ च्या वर असेल तर वजाबाकीच्या भानगडीत न पडता पुन्हा फिरवा. डीएनए आणि मीठ, माती नाही: प्लास्टिकच्या भिंतीवर किती गेलं ते कळतं.

एथिडियम ब्रोमाइड किंवा त्या जातीचे चमकणारे रंग वापरून थेट मातीत डीएनए मोजायला जाऊ नका. ते रंग धन आहेत, माती त्यांना डीएनएपेक्षा आधी खेचते.

स्फटिक

अर्धमोलर यांच्या शेवटच्या ओळीला जोड. धन रेणूंची ही ओढ इतकी पक्की आहे की १९६१ मध्ये फ्रेंकेल-कॉनराट आणि सहकाऱ्यांनी तंबाखूच्या मोझेइक विषाणूचा आरएनए शुद्ध करताना बेंटोनाइट वापरलं, ते आरएनए पकडायला नव्हे तर आरएनए कापणारं विकर पकडायला. स्वादुपिंडातल्या आरएनएजचा (तेच कापणारं विकर) समविद्युत बिंदू, म्हणजे निव्वळ प्रभार शून्य होतो तो पीएच, ९.६ च्या आसपास; म्हणून पीएच ७ ला ते धन. ते मातीवर बसतं आणि आरएनए वरच्या पाण्यात मोकळा राहतो. तीच माती, तोच आरएनए. फक्त दोन प्रभारांचा आयन नाही.

तिसरा_बाक

आणि बसलेला डीएनए सोडवायचा कसा? तेही मोजता येईल?

अर्धमोलर

मोजाच, खरी माहिती त्यात आहे. गाळावर आधी १ मिली पाणी (पीएच ७), अर्धा तास, फिरवा, मोजा. मग १० मिलीमोलर ईडीटीए. मग ०.१ मोलर सोडियम फॉस्फेट, पीएच ८. पाण्याने आलेला सैल होता, ईडीटीएने आलेला पुलावर होता, फॉस्फेटने आलेला बहुधा कडांवर. उरला तो हिशोबाला धरा, पण 'कायमचा बसला' लिहू नका. तुमच्या तीन धुण्यांत आला नाही एवढंच. केओलिनाइटची एक रांग सोबत लावा. तिथे सपाट पृष्ठभागावर प्रभार कमी, त्यामुळे कडांचा वाटा ठळक दिसतो.

गाळपेर

आता मूळ मुद्द्याकडे. चिकटल्यावर साखळी वाढते का?

ट्रॉय इथल्या रेन्सिलिअर पॉलिटेक्निकमध्ये जेम्स फेरिस यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. गोझेन एर्टेम आणि प्रकाश जोशी त्यांच्या सहकाऱ्यांत. त्यांचा नेहमीचा प्रयोग असा: ॲडेनोसीन मोनोफॉस्फेटच्या फॉस्फेटला इमिडाझोल जोडून तो 'तापलेला' करायचा, म्हणजे पुढच्या न्यूक्लिओटाइडने हल्ला केला की इमिडाझोल सुटून जातो. असा साधारण १५ मिलीमोलर द्राव, मिलीमागे ५० मिग्रॅ सोडियम-मॉन्टमोरिलोनाइट, मीठ आणि मॅग्नेशियम, पीएच ८, खोलीच्या तापमानाला काही दिवस. माती नसेल तर बहुतेक दोन-तीनच्याच साखळ्या होतात, बाकीचा माल पाणी फोडून टाकतं. मातीवर ६ ते १४ पर्यंत जातात. १९९६ मध्ये त्यांनी लेस्ली ऑर्गेल यांच्यासोबत पुढची पायरी केली: १० ची तयार साखळी मातीवर बसवली, रोज वरचं जुनं पाणी काढून ताजा तापलेला मोनोमर घातला. दोन आठवड्यांत साखळी ५० च्या पुढे.

'रोज पाणी बदलणं' ही किरकोळ बाब नाही. न बदललं तर फुकट गेलेला साधा मोनोफॉस्फेट साठतो आणि जागा अडवून बसतो. ओहोटी-भरतीच्या काठावर किंवा गरम झऱ्याच्या कडेला हे आपोआप होऊ शकतं, हा त्यातला तर्क.

उत्प्रेरण पापुद्र्यांच्या आत होतं याचाही पुरावा आहे. अल्किल-अमोनियमचे मोठे धन आयन आत ठासून वाट बंद केली की साखळ्या जवळपास बंद होतात.

शंकासुर

ठीक. आता उलटी बाजू कोणी मांडेना म्हणून मी मांडतो.

एक, तापलेला मोनोमर. इमिडाझोल जोडलेला न्यूक्लिओटाइड चार अब्ज वर्षांपूर्वी १५ मिलीमोलरला कुठल्या डबक्यात भरून ठेवला होता? माती उत्प्रेरक आहे हे मान्य, पण कच्चा माल बाटलीतून आला.

दोन, जोड कुठे होतो. आपल्या आरएनएत ३'-५' जोड असतो (एका साखरेच्या तिसऱ्या कार्बनवरून पुढच्या साखरेच्या पाचव्याला). मातीवर ॲडेनीनच्या बाबतीत तो दोन तृतीयांशांच्या आसपास मिळतो, हे चांगलं. यूरिडीन आणि सिटिडीन घेतलं की २'-५' वरचढ. शिवाय गोल बंद झालेले दोनाचे रेणू आणि फॉस्फेटला फॉस्फेट चिकटलेले जोड, ते वेगळेच. '५० ची साखळी' वाचताना हे कोणी सांगत नाही.

तीन, सगळी मॉन्टमोरिलोनाइट चालत नाहीत. वायोमिंगची एक चालते, दुसरीकडची चालत नाही. त्यातही चालणारी आम्लाने धुऊन, पुन्हा सोडियम भरून घेतलेली. पृथ्वीवर तेव्हा कोण धुवत बसलं होतं?

चार, आणि मला हे सर्वांत मोठं वाटतं: घट्ट बसलेली साखळी नक्कल कशी करणार? बेस पत्र्यावर आडवे पडले तर जोडीला दुसरा बेस येणार कुठून?

स्फटिक

पहिला मुद्दा मान्य, त्यावर पळवाट नाही.

दुसऱ्यावर एवढंच की ते मोजता येतं, आणि फेरिस यांनी ते मोजलं होतं. आरएनएज टी२ फक्त ३'-५' जोड कापतं, २'-५' तसाच राहतो. कापून झाल्यावर आयन-अदलाबदलीच्या एचपीएलसीवर (रेणू वेगळे करणारं यंत्र) काय उरलं ते बघायचं. लपवाछपवी नाही, बातमीदार तिथवर वाचत नाहीत.

तिसऱ्यात उत्तर अर्धं दडलेलं आहे. कोणती चालते यामागे कारण सापडलंय: पत्र्यावरचा प्रभार कमी असेल तर पापुद्रे सैल राहतात आणि मोनोमर आत शिरतो. प्रभार जास्त असेल तर मधले आयन पत्र्यांना आवळून धरतात. आम्लाने धुणं म्हणाल तर ज्वालामुखीच्या परिसरात आम्ल पाण्याला तोटा नव्हता, पण ते सोडियम-रूपात परत आणायला पुढे समुद्राचं पाणीही हवं. घडू शकतं, घडलं असं म्हणायला माझ्याकडे काही नाही.

चौथा खरा. त्यावर दोन गोष्टी. पूल मॅग्नेशियमचा आहे, म्हणजे मॅग्नेशियम घटलं की तो सुटतो. आणि बसलेला आरएनए निकामी होतोच असं नाही. फ्लॉरेन्सच्या गटाने २००७ मध्ये मॉन्टमोरिलोनाइटवर बसवलेल्या हेअरपिन रायबोझाइमवर (विकरासारखं काम करणारा आरएनए) अतिनील किरण सोडले. मोकळ्यापेक्षा मातीवरचा जास्त टिकला आणि त्याचं काम करण्याची क्षमता शाबूत होती. डीएनएच्या बाबतीत तर खन्ना आणि स्टॉट्झ्की यांनी १९९२ मध्ये दाखवलं की मातीवर बसलेला डीएनए बॅसिलस सबटिलिस उचलून आपल्यात घेऊ शकतो, आणि डीएनए कापणारं विकर, डीएनएज, त्याला मोकळ्याइतकं सहज कापू शकत नाही.

गाळपेर

यात जीवोत्पत्तीवर काम करणारे जॅक शोस्टाक यांचं काम जोडतो. २००३ मध्ये हँचिच, फुजिकावा आणि शोस्टाक यांनी दाखवलं की मेदाम्लांच्या द्रावात मॉन्टमोरिलोनाइट घातलं की पुटिका (पेशीसारख्या पोकळ पिशव्या) बनण्याचा वेग शंभरपट वाढतो, आणि आरएनए बसलेला मातीचा कणच पुटिकेच्या आत जातो. म्हणजे एकाच खनिजाने साखळी धरली आणि पिशवीही बांधली.

शंकासुर

आणि त्याच पिशवीला मॅग्नेशियम सोसत नाही. मेदाम्लाच्या पुटिका काही मिलीमोलर मॅग्नेशियमला फुटतात, साबणाचा साका बसतो. पुलाला मॅग्नेशियम हवं, पिशवीला नको. वर पीएच ८ च्या पुढे तेच मॅग्नेशियम आरएनएची साखळी तोडतं.

स्फटिक

बरोबर, म्हणून अडामाला आणि शोस्टाक यांनी २०१३ मध्ये सिट्रेट घातलं. सिट्रेट मॅग्नेशियमला धरून ठेवतं: पुटिका वाचतात आणि आरएनएची नक्कल चालू राहते. मात्र सिट्रेट असताना मातीवरचा पूल किती उरतो, हे तुमच्या त्या चार नळ्यांच्या प्रयोगात एक रांग वाढवून बघता येईल. तिसरा_बाक, प्रकल्पाला हाच विषय घ्या: ५ मिलीमोलर मॅग्नेशियम स्थिर, सिट्रेट ०, ५, १०, २० मिलीमोलर. त्याची २६० ला अडचण होत नाही. फक्त सोडियम सिट्रेट घाला, आम्ल नव्हे, आणि सिट्रेटसोबत जादा सोडियम येतं म्हणून तेवढंच मीठ घातलेली तुलनेची रांग लावा.

तिसरा_बाक

घेतो! आता एक भाबडा प्रश्न, हसू नका: दख्खनच्या बेसॉल्टातून इतकी स्मेक्टाइट माती झाली, तर इथेही असं काही...

काळी_कसदार

दख्खनचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. जीवसृष्टीच्या खुणा साडेतीन अब्ज वर्षं जुन्या. लाव्हा वाहिला त्या वेळी इथे जीव होते, डायनोसॉरही होते. पण प्रक्रिया तीच आहे: बेसॉल्ट पाण्यात झिजला, मॅग्नेशियम-कॅल्शियम वाहून न जाता तिथेच राहिलं की स्मेक्टाइट होतं. पाऊस धो धो पडून सगळं धुऊन नेलं की केओलिनाइट, आणि त्याहून पुढे जांभा. कोकण आणि मराठवाडा शेजारी ठेवा, एकाच खडकाची दोन रूपं दिसतील. आरंभीच्या पृथ्वीवर बेसॉल्टी कवच होतं, म्हणून तिथे स्मेक्टाइट असणं अवघड नाही.

शिवाय बेसॉल्टची काच हाही आता स्वतंत्र दावेदार आहे. २०२२ मध्ये बायोंडी, बेनर आणि सहकाऱ्यांनी न्यूक्लिओसाइड ट्रायफॉस्फेटचं पाणी बेसॉल्टी काचेतून झिरपवलं तर १०० ते २०० लांबीचा आरएनए मिळाला. इमिडाझोल नाही. शंकासुर म्हणतील ट्रायफॉस्फेट कुठून आणलं, आणि ते बरोबर म्हणतील.

तिसरा_बाक

शेवटचं. बेंटोनाइट कुठलं घेऊ? घरात मुलतानी माती आहे, बांधकामवाल्यांकडे बेंटोनाइटची पोती आहेत.

अर्धमोलर

मुलतानी माती नको. त्यात कॅल्शियम-मॉन्टमोरिलोनाइटसोबत बऱ्याचदा पॅलिगोर्स्काइट असतं, ते सुईसारखं, त्याचा पृष्ठभाग वेगळा. चुनखडीही असते, आणि दुकानातल्या पाकिटात सुगंध. पोत्यातलं बेंटोनाइट बहुधा कच्छचं किंवा बाडमेरचं, खनिज म्हणून चांगलं, पण पायलिंग आणि ड्रिलिंगसाठी विकलेल्यात सोडा ॲश मिसळलेली असू शकते. पाण्यात ढवळून पीएच मोजा. १० च्या जवळ असेल तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन बसेल आणि तुम्हाला अधिशोषण भरपूर झाल्याचा भास होईल. वर सांगितलेली ॲसिटेट धुलाई केली तर तेही चालतं.

घेण्याआधी फुगवण तपासा. १०० मिलीच्या मोजपात्रात ऊर्ध्वपातित पाणी, २ ग्रॅम पूड चिमटी-चिमटीने, प्रत्येक चिमटी बुडाल्याशिवाय पुढची नाही. दुसऱ्या दिवशी गाळ किती मिलीपर्यंत आहे ते वाचा. चांगलं सोडियम बेंटोनाइट २० मिलीच्या वर फुगतं, कॅल्शियमवालं १० च्या आत राहतं. कॅल्शियमवालं असलं तरी फेकू नका, तीन मीठ-धुलाया झाल्यावर पुन्हा फुगवून बघा. २० च्या वर गेलं की मगच डीएनएची बाटली उघडा, ती मातीपेक्षा महाग आहे.